रोग्याच्या धुण्याचे पाणी



घरातील माणसास जुलाब-उलट्या सुरू झाल्या की साऱ्यांचे लक्ष त्याच्याकडे लागते आणि ते योग्यच होय. क्षारसंजीवनीचे पाणी पाजणे, दवाखान्यात नेणे, रात्रभर उशाशी बसणे यांत कोणी कसूर करीत नाही. रोगी उठून बसला, पेज जेवू लागला की घर निर्धास्त होते. मग त्याच दिवशी कोपऱ्यात साठलेला कपड्यांचा ढीग उचलून घरातील सून किंवा मुलगी विहिरीवर जाते. रोगास गावात शिरण्यास याहून सोपी वाट नाही.

ही नुसती शंका नव्हे. इ. स. १८५४ मध्ये लंडन शहरातील ब्रॉड स्ट्रीट या रस्त्यावर पटकीने हाहाकार उडविला. तेथील सार्वजनिक पंपाचे पाणी रोगास कारण आहे, असे डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिले. पंपाचे पाणी दूषित कशाने झाले, याचा छडा मात्र पुढे रेव्हरंड हेन्री व्हाइटहेड या धर्मोपदेशकाने घरोघर चौकशी करून लावला. जवळच्या घरातील एका तान्ह्या बाळास जुलाब झाले होते. त्याची दुपटी भिजविलेले पाणी आईने घरापुढील मैलाकुंडात ओतले होते. त्या कुंडाच्या विटा निखळलेल्या होत्या आणि पंपाची विहीर तेथून अवघ्या काही फुटांवर होती.

पुढे तीस वर्षांनी, १८८४ साली, जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. काठावरची वस्ती तेच पाणी पिण्यास व स्नानास वापरीत असे. तेथे प्रथम दगावलेल्या रोग्याचे कपडे त्याच तळ्यात धुतले गेल्याचे चौकशीत आढळले. दोन्ही ठिकाणी कपडे धुणाऱ्यांच्या मनात कोणाचे वाईट करण्याचा लवलेशही नव्हता. त्यांनी केवळ स्वच्छताच केली होती.

गोव्यात या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. येथील जांभा दगड सच्छिद्र असतो. विहिरीच्या कठड्याशी सांडलेले पाणी भेगांतून पुन्हा विहिरीत उतरण्यास वेळ लागत नाही. यास्तव रोग्याचे कपडे विहीर, तळी, ओहोळ वा सार्वजनिक नळ यांपाशी कदापि नेऊ नयेत. पाणी घरी आणावे आणि धुणे घरीच करावे. धुतलेले पाणी शौचालयात ओतावे. शौचालय नसल्यास विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर, उताराच्या बाजूस खड्डा खणून त्यात टाकावे व वर माती लोटावी.

आता प्रत्यक्ष धुण्याविषयी. कपडे झटकू नयेत. झटकल्याने सूक्ष्म कण उडतात. चिकटलेली घाण कागदाने किंवा करवंटीच्या तुकड्याने काढून शौचालयात टाकावी. नंतर दहा लिटरच्या बादलीत सुमारे १६ ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर मिसळून त्यात कपडे अर्धा तास बुडवून ठेवावेत आणि मग नेहमीप्रमाणे साबणाने धुवावेत. आधी घाण काढण्याचे कारण असे की, औषधातील क्लोरीन घाणीवरच खर्च होऊन जातो आणि जंतूंसाठी काही उरत नाही. रंगीत लुगड्यांना ब्लीचिंग पावडरीने डाग पडतात; ती हंड्यात घालून चांगली उकळावीत. पटकीचा जंतू कडक उन्हात वाळला की मरतो. परंतु लहान मुलांत जुलाब पसरविणारे रोटा व नोरो हे विषाणू तितके नाजूक नसतात. ते कोरड्या वस्तूंवरही दिवसेंदिवस टिकून राहतात. शिवाय पावसाळ्यात ऊन मिळणार तरी कोठून? तेव्हा उकळणे हाच खात्रीचा उपाय ठरतो.

फरशी, खाटेचा दांडा, दाराची कडी, दिव्याचे बटण, तांब्या व बादलीचे कान या साऱ्यांना रोग्याचा हात लागलेला असतो. फरशी व न्हाणीघर यांसाठी द्रावण तीव्र हवे: एक लिटर पाण्यास सुमारे १६ ग्रॅम. घाण पुसून घेतल्यावर हे द्रावण शिंपडून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे आणि मग धुवावे. भांडी व धातूच्या वस्तू नंतर स्वच्छ पाण्याने विसळाव्यात. फिनेलच्या वासाने घर स्वच्छ झाल्याचे समाधान मिळते. पण वास म्हणजे निर्जंतुकता नव्हे. शौचालय धुण्याचे अॅसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी वायू निघतो.

शेणाने सारवलेल्या जमिनीवर द्रावण ओतणे व्यर्थ होय. तेथे भिजलेला थर फावड्याने खरवडून दूर पुरावा, त्या जागी चुना पसरावा, जमीन कोरडी होऊ द्यावी आणि मगच पुन्हा सारवावे.

हे काम करणाराने हातांस रबरी मोजे किंवा निदान प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात आणि शेवटी हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. जी स्त्री चुलीपाशी आहे तिने धुण्यास हात लावू नये, असा नियम सांगणे सोपे आहे. पण बहुतेक घरांत दोन्ही कामे तिच्याच वाट्यास येतात. अशा वेळी घरातील पुरुषांनी बादली उचलावी. त्यात उणेपणा मानण्याचे काही कारण नाही.

शिक्षकांसाठी एक विनंती. वर्गात मुलास उलटी झाली की इतर मुलांस प्रथम बाहेर न्यावे. उलटी कोरड्या केरसुणीने झाडू नये. कागदाने वा राखेने टिपून घेऊन तीव्र द्रावण वापरावे. जुलाब-उलट्या थांबल्यावर आणखी दोन दिवस मुलास घरीच ठेवण्यास पालकांस सांगावे, कारण बरे वाटू लागले तरी शौचावाटे जंतू काही दिवस, क्वचित कित्येक आठवडेही, बाहेर पडत राहतात.

पंचायतींनी एवढे पाहावे की, पावसाळ्यापूर्वी आणलेली ब्लीचिंग पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, कोरड्या व अंधाऱ्या जागी ठेवली जाते. उघड्या पोत्यात पडून राहिलेल्या पावडरीतील क्लोरीन उडून जातो आणि गरजेच्या दिवशी हाती केवळ पांढरी भुकटी उरते.