जुनं भांडं घ्या, पण धातू ओळखून



आम्ही घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावर राहतो. आमच्या गल्लीत अजून बोहारीण येते. जुनी साडी, पँट पुढे ठेवायची, घासाघीस करायची, की एखादं नवं स्टीलचं पातेलं मिळतं. गावाकडे माळ्यावरचं पितळ मोडीत निघतं, तसंच इथेही निघतं. भंगारवाल्याच्या ढिगात कधी नाव कोरलेलं पातेलं दिसतं. कुणाच्या तरी आईनं हौसेनं नाव घालून लेकीला दिलेलं असणार.

आमच्या गटानं जेवणाच्या डब्यांचं काम घेतलं, तेव्हा मोठ्या भांड्यांना पैसे नव्हते. कर्ज काढायचं नाही, असं ठरलं होतं. म्हणून वजनावर दोन पितळी पातेली आणि एक लोखंडी कढई आणली. चिंच लावून पितळ लखलखीत केलं आणि पहिल्याच आठवड्यात त्यात कढी केली. कढी कळकली! हिरवट रंग, तोंडात धरवेना अशी चव. सगळी ओतून दिली. त्या दिवशी डबे कढीविना गेले आणि बोलणीही खावी लागली. पातेल्याचा दोष नव्हता. त्याला आतून कल्हई नव्हती आणि आम्ही ते पाहिलंच नव्हतं.

तेव्हापासून जुनं भांडं आलं की आम्ही आधी धातू ओळखतो, मगच त्याला काम देतो.

पितळ-तांब्याला कल्हई हवीच. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागर टाकतो आणि कथील कापसानं आतून फिरवतो. कथील 232 अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवू नका, तारेच्या घासणीनं खरवडू नका. आत पिवळं किंवा तांबूस दिसायला लागलं की पुन्हा कल्हई करा. तोवर त्यात कोरडं धान्य ठेवा.

लोखंडी कढई गंजली म्हणून टाकू नका. गंज घासून काढा, धुवा, लगेच कोरडी करा. तेलाचा पातळ हात फिरवून तापवा. असं तीन-चार वेळा केलं की ती भाकरी, भाजी, शेंगदाणे सगळ्याला चालते. तिच्यात आंबट पदार्थ मात्र शिजवून ठेवू नका.

अॅल्युमिनियममध्ये चिंच, कोकम, टोमॅटो, ताक नको. भंगार वितळवून केलेल्या, कंपनीचं नाव नसलेल्या भांड्यात शिसंही असू शकतं. अशात स्वयंपाक नकोच. पोचे आलेलं, भोक पडलेलं पातेलं तुळशीला किंवा कोथिंबीर-मेथी लावायला उत्तम.

काळं अस्तर निघालेला नॉनस्टिक तवा आणि टवका उडालेलं एनॅमलचं भांडं चुलीवरून उतरवा.

जुना कुकर घेताना आयएसआय चिन्ह बघा. रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे नवे बसवा. झाकण नीट बसत नसेल तर शिट्टीचा नाद सोडा. बूड सपाट असेल तर साधं ताट झाकून त्यात ढोकळा, अळूवडी, मोदक उकडा.

आणि एक गोष्ट कधीच करू नका. रंगाचा डबा, कारखान्यातला रसायनाचा पिंप कितीही धुतला तरी त्यात पाणी किंवा धान्य भरू नका. आमच्याकडे पाणी ठरावीक वेळेलाच येतं, म्हणून असा स्वस्त पिंप घेण्याचा मोह होतो. तो आवरा.

कल्हईवाले आता कमी झालेत. एका भांड्यासाठी ते येत नाहीत. म्हणून आम्ही दिवाळीआधी गटाच्या बैठकीत सगळ्यांची भांडी मोजतो, त्यांची यादी करतो आणि त्याला एकदाच बोलावतो. तुमच्या गटातही हे जमेल. मोठी पातेली गटाच्या नावावर ठेवा. हळदीकुंकू, बारसं, जेवणाची ऑर्डर, ज्या बाईला गरज पडेल तिनं न्यावीत.

माळ्यावरचं पितळ मोडीत द्यायच्या आधी एकदा खाली उतरवून आत बघा. त्याला कदाचित फक्त कल्हई हवी असेल.