अंगणातील दोन ओळी फरशी
(पालक-मेळाव्यातील भाषण)



मी भाषा शिकविणारा शिक्षक आहे, वनस्पतिशास्त्राचा जाणकार नाही. तरीही आज अंगणाविषयी बोलणार आहे. त्याला कारण घडले ते माझ्याच वर्गात. पक्ष्यांवरील धडा चालू असताना मी सहज विचारले, "आपल्या घरात चिमणीचे घरटे कोणी पाहिले आहे?" साऱ्या वर्गातून चार हात वर आले. आमच्या लहानपणी हाच प्रश्न विचारला असता, तर एकही हात खाली राहिला नसता.

मुलांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. बहिणीच्या लग्नाच्या वेळी आम्हीच जुनी मातीची भिंत पाडली, पक्की बांधली आणि साऱ्या अंगणात शहाबादी फरशी बसविली. घर नेटके दिसू लागले. पुढच्या उन्हाळ्यात एके सकाळी अम्मी म्हणाली, "घर तो पक्का हुआ बेटा, पन चिड़िया किधर गयी?" माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर पुढे वाचनातून मिळाले आणि ते अगदी साधे होते. चिमणीला घरट्यासाठी भिंतीतले भोक किंवा छपराची फट लागते, अंग घुसळायला कोरडी माती लागते. मोठी चिमणी दाणे खाते, परंतु तिची पिले सुरुवातीचे दिवस मुख्यतः अळ्या-किड्यांवर वाढतात. आम्ही भोके बुजविली, माती झाकली आणि लिंबावर औषध फवारून अळ्या मारल्या. म्हणजे चिमणीला आम्ही हाकलले नाही, फक्त तिचे घर, न्हाणीघर आणि स्वयंपाकघर बंद केले!

नंतर मी भिंतीलगतच्या दोन ओळी फरशा उचलल्या. अब्बा रागावले. "पैसे देऊन बसविल्या, आता पैसे देऊन काढतोस?" त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. म्हणूनच सांगतो, ज्यांचे अंगण अजून मातीचे आहे, त्यांनी सगळे झाकू नये. एक पट्टी तरी मोकळी सोडावी.

आता फेब्रुवारी संपत आला आहे. पळस फुलला आहे, कडुनिंबाला लवकरच कोवळी पालवी येईल. थंड मुलुखांतील पुस्तके म्हणतात, वसंतात रोपे लावा. आपल्या परभणी जिल्ह्यात मात्र वसंत म्हणजे उन्हाळ्याचा उंबरठा. आता लावलेले रोप मे महिन्याच्या उन्हात जगविणे कठीण. म्हणून आपल्याकडे या दिवसांची कामे निराळी आहेत.

पहिले काम पाण्याचे. मातीची पसरट परळ सावलीत ठेवा, पाणी रोज बदला आणि मधोमध एक दगड ठेवा. हा दगड मला एका चुकीने शिकविला. पहिल्या वर्षी मी खोल बादली भरून ठेवली होती. सकाळी तिच्यात एक खार बुडून मेलेली आढळली. पुण्य करायला गेलो आणि अज्ञानाने जीव घेतला.

आपण मराठवाड्याची माणसे आहोत. 2016 साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते आपण विसरलेलो नाही. पाणी उधळा, असे मी सांगणार नाही. परळीला तांब्याभर पाणी पुरते. झाडांना वजूचे आणि भाज्या धुतलेले पाणी चालते; ते नालीत न सोडता मुळाशी वळवावे.

दुसरे काम निवाऱ्याचे. लाकडी खोक्याला सव्वा इंचाचे भोक पाडून ते आठ-दहा फुटांवर, मांजर पोहोचणार नाही व दुपारचे ऊन लागणार नाही, असे टांगा. खोलीत पंख्याजवळ मुळीच नको. वाळलेला पाला जाळू नका, कोपऱ्यात साठवा. त्यात किडे राहतात, किड्यांमागे दयाळ येतो, आणि शेवटी खत आपल्यालाच मिळते.

तिसरे काम खड्ड्यांचे. एप्रिलमध्ये दोन-दोन फुटांचे खड्डे खणून उन्हात तापू द्या. मृगापूर्वी माती व शेणखत भरा आणि पाऊस लागल्यावर रोपे लावा. जागा असेल तर कडुनिंब, थोडी असेल तर शेवगा, सीताफळ, कढीलिंब, कुंपणाला मेंदी. लिंबाच्या आणि कढीलिंबाच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळली, तर चिरडू नका. ती पुढे हिरवी होते, कोश करते आणि फुलपाखरू होऊन उडते. चार पाने गेली तर जाऊ द्यावीत.

कोणी म्हणेल, चिमण्या पाहून पोरांचे काय भले होणार? विद्यार्थी मित्रांनो, मुंबईत एका पोरक्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि त्या एका प्रश्नाने त्याचे आयुष्य बदलले. तेच डॉ. सलीम अली. 1930 च्या सुमारास नोकरी नसताना ते किहीमला राहिले आणि तेथे सुगरणीच्या घरट्यांचे त्यांनी केलेले निरीक्षण जगभर नावाजले गेले. 1976 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. आपल्याच काळात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी चिमणीचा विषय हाती घेतला. त्यांच्या संस्थेच्या पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. दोघांचीही सुरुवात साध्या चिमणीपासून झाली. कुतूहलाला फी लागत नाही, मात्र पाहायला काहीतरी जिवंत समोर असावे लागते.

आपण लावलेल्या झाडाचे फळ पाखराने खाल्ले, तरी तो सदका ठरतो, ही शिकवण आपण घरोघरी ऐकत आलो आहोत. ती ऐकायची आणि अंगण मात्र सिमेंटने बंद करायचे, हे बरोबर नाही.

आमच्या घरी पहिले वर्षभर खोके रिकामेच राहिले. दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये एक जोडी काड्या आणू लागली. अब्बांनी कोणाला न सांगता आपली खुर्ची तेथून हलविली, जाण्या-येण्याची वाट मोकळी राहावी म्हणून. त्या फरशांचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे : 20 मार्चपूर्वी घरात एक परळ ठेवा आणि ती भरण्याचे काम मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवा. पुढच्या वर्षी मी वर्गात तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहे. हात मोजायला मी उभा राहीन. ते वर करण्याजोगे घर तुम्ही द्या.

खुदा हाफिज.