झंपर आणि झब्बा



मी सातवी शिकलेली. मंचरला शिंप्याकडे ‘झंपर शिवायचाय’ म्हटले, तर माझीच लेक चारचौघांत म्हणाली, “आई, ब्लाऊज म्हण. झंपर गावंढळ वाटतं!” मी ओशाळले.

मग शाळेतल्या बाईंनी कोश उघडून समजावले. झंपर म्हणजे इंग्रजी ‘जंपर’च. त्याचे मूळ जाणकार अरबी ‘जुब्बा’पर्यंत नेतात. त्याच मुळापासून इटलीत ‘जुब्बा’ म्हणजे कोट झाला, फ्रान्सात ‘ज्यूप’ म्हणजे परकर झाला आणि आपल्याकडे पुरुषांचा झब्बा. म्हणजे यजमानांचा झब्बा नि माझा झंपर एकाच माहेरचे!

पूर्वी नाणेघाटाने परमुलखीचा माल जुन्नरात चढे. शब्दही तसेच येतात नि घरचे होतात. तेव्हा भगिनींनो, आपल्या तोंडच्या शब्दाची लाज बाळगू नका.