दुखत नाही म्हणून अंगावर काढू नका



आजच्या भाषणाच्या पत्रिकेवर विषय ‘त्वचारोग’ एवढाच छापलाय. मी तो उघड सांगतो: जननेंद्रियावर येणारी पुळी, फोड, गाठ. दवाखान्यात हे नेहमी शेवटी निघतं. माणूस ॲसिडिटीचं सांगतो, कमरेचं सांगतो, गोळ्या लिहून होतात, मग पडद्यापाशी थबकून म्हणतो, “डॉक्टर, अजून एक होतं...” नेरळचा रिक्षावाला असो की खोपोलीच्या कारखान्यातला कामगार, तोवर महिना-दोन महिने गेलेले असतात आणि मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबाही संपलेल्या असतात. त्या ट्यूबांत बहुतेकदा स्टेरॉइड असतं. खाज चार दिवस थांबते, मग गजकर्ण जांघभर पसरतं आणि मूळ दुखणं कसलं होतं हे आम्हालाही ओळखू येईनासं होतं.

यातल्या पुष्कळ पुळ्या निरुपद्रवी असतात. केसाच्या मुळाशी पुटकुळी येते. पुरुषाच्या शिश्नमुंडाच्या कडेला बारीक दाण्यांची रांग असते. ती तर शरीराची ठेवणच, तिला औषध लागत नाही. खरूज असेल तर रात्री खाज वाढते. वीटभट्टीवर एका झोपडीत सगळं कुटुंब झोपतं. तिथे एकट्याला औषध देऊन भागत नाही, सगळ्यांनी एकाच वेळी लावावं लागतं.

मला धास्ती वाटते ती न दुखणाऱ्या फोडाची. सिफिलिसचा, म्हणजे उपदंशाचा पहिला व्रण बहुधा दुखत नाही आणि ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरतो. माणसाला वाटतं, सुटलो. जंतू मात्र अंगातच राहतात, गरोदर बाईच्या बाळापर्यंत पोचतात. साध्या रक्ततपासणीत हा रोग कळतो, आणि सुरुवातीलाच आलात तर पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनानं बरा होतो.

बायकांचे हाल याहून वाईट. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्याआधी अशी तपासणी झाली होती फक्त ८ टक्क्यांची.

या विषयावर उघड बोलणं पूर्वी महागात पडे. र. धों. कर्वे आपल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली डॉ. आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरी कर्व्यांना दंड झालाच. आज तुम्हाला विचारण्याबद्दल कुणी दंड करणार नाही.

लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘गुप्तरोग’च्या जाहिरातींना भुलू नका, अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. मोठ्या सरकारी रुग्णालयांत यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे उपचार मोफत मिळतात. बाईमाणसानं तपासणीच्या वेळी नर्सला थांबवून घ्यावं, तो तिचा हक्क आहे. लैंगिक आजार निघाला तर नवरा-बायको दोघांनी मिळून उपचार घ्या. कुणाला विचारायचा धीर होत नसेल तर १०९७ हा हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आजच लिहून घ्या.