निलंगानगरीत आपलं स्वागत

डॉक्टर बंधुभगिनींनो,

कार्यवाहांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. त्यातली निम्मी नीलकंठेश्वराची. आमचं गाव कुठं गेलं नाही, जिल्हा मात्र बदलत राहिला. निजामाच्या अमलात आम्ही बिदरचे, १९५६ पासून उस्मानाबादचे, १९८२ पासून लातूरचे. १९८५ साली राज्याला मुख्यमंत्री दिला, शिवाजीराव पाटील निलंगेकर. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं सारा मुलूख हादरला. नीलकंठेश्वराचं तीन गाभाऱ्यांचं हेमाडपंती देऊळ हे सगळं बघत उभं आहे. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदरी न पाहता जाणाऱ्याला प्रमाणपत्र देऊ नये, असं मी सुचवलं होतं. कार्यवाहांनी मानलं नाही.

आता तुमचा विषय, जबड्याची शस्त्रक्रिया. मी भुसार व्यापारी, जबड्यातलं मला काय कळणार? पण काल जेवताना एका तरुण डॉक्टरांनी स्वतःच्या पोटरीवर बोट फिरवून समजावलं. गाठीबरोबर जबड्याचं हाड काढावं लागलं, की पायातलं बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट घ्यायचं; घोटा-गुडघा डळमळू नये म्हणून दोन्ही टोकं ठेवायची. त्याला काप देऊन हनुवटीचा बाक आणायचा, टायटॅनियमच्या पट्टीवर बसवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडायचं. अमेरिकेत हिडाल्गो यांनी १९८९ साली ही रीत जबड्यासाठी मांडली म्हणे. माझा घास हातातच राहिला. आर. आर. आबा पाटलांसारखा नेता २०१५ साली तोंडाच्या कर्करोगानं गेला. गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आमच्या पानटपऱ्यांना हे कुणी कळवलेलं दिसत नाही. आजवर इथले रुग्ण लातूर, सोलापूर, मुंबई गाठत तुमच्या दारी आले. आज तुम्ही आमच्या दारी आलात, याचं मोल मोठं आहे.

व्यवस्थेत उणिवा आहेत. खोल्या वसतिगृहाच्या आहेत, गाद्या पातळ आहेत. गरम पाणी सहा ते सातच मिळेल. वीज गेली तर जनरेटर आहे, पण तो सुरू करणारा गडी एकच. पडदा काळा झाला तर क्षणभर धीर धरावा. आडत व्यापाऱ्यांनी तूरडाळ आणि ज्वारी दिली, औषध विक्रेत्यांनी पिशव्या दिल्या, मंडपवाल्यांनी मजुरी घेतली नाही. सगळ्यांचे ऋण मानतो. एका दात्यानं नाव न घेण्याची अट घातली आहे. ते तिसऱ्या रांगेत, फेट्यात बसले आहेत.

पंगत एक वाजता बसेल. गोड मानून घ्यावं.