टाळांसाठी बारीक माईक

शेगावची पालखी असो की मेहकर-लोणारकडचा कार्तिकातला काकडा, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात भजन रंगतं ते टाळांवर. घरी ध्वनिमुद्रण करायला बसलं की नेमके टाळच दगा देतात. मोबाइलमध्ये त्यांचा नुसता चरचराट उरतो.

माझं ऐकाल तर एक मोठा, भारी माईक घेण्यापेक्षा पेन्सिलीसारख्या बारीक कंडेन्सर माईकची जोडी घ्या. मोठा माईक फोटोत शोभतो, हे खरं. पण त्याचा पडदा साधारण एक इंचाचा. टाळांच्या झणकारातल्या 10,000 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. असा ध्वनी बाजूने आला की रुंद पडद्याच्या एका कडेला आधी पोचतो, दुसरीला उशिरा, आणि झळाळी मरते. अर्ध्या इंचाच्या पडद्यावर हे फार कमी होतं. टाळकरी तर अर्धगोलात कडेलाच बसतात! एकट्या हळुवार गळ्याला मात्र मोठाच बरा. बारीक माईकची स्वतःची खरखर जरा जास्त असते.

जोडी लावायची एक रीत फ्रेंच नभोवाणीची आहे: दोन तोंडांत 17 सेंटिमीटर अंतर, 110 अंशांचा कोन. मंडळींपासून पाच-सहा फुटांवर, बसलेल्यांच्या डोक्यापेक्षा थोडं उंच. मग बटणं नका फिरवू, माणसं हलवा. टाळ वरचढ झाले तर टाळकरी मागे, पेटी पुढे.

या माईकना 48 व्होल्ट लागतात. ऑडिओ इंटरफेस ते माईकच्याच तारेतून पुरवतो. हा आकडा आला नॉर्वेहून. तिथल्या नभोवाणीच्या स्टुडिओत संकटकालीन दिव्यांसाठी 48 व्होल्टची सोय आधीच होती, म्हणून 1966 मध्ये नॉयमन कंपनीने आपला माईक त्यावर चालवला. तोही बारीकच, केएम 84.

खोलीचं काय? पत्र्याखाली नकोच. भिंतींना गाद्या-गोधड्या लावा. कूलर बंद करायचा, म्हणजे आपल्याकडच्या मे महिन्यात पहाटेशिवाय इलाज नाही. आणि पातळी लावताना मंडळींना हळू गाऊ देऊ नका. पूर्ण जोरात एक गजर करायला लावा, सर्वांत मोठा ठोका उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. हळू चाचणीवर लावलेल्या पातळीत खऱ्या गजराला टाळ फाटतात, आणि फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही.