आखाती पैसा आणि केरळचा मजूर



मनीऑर्डरचे मोल कोकणातील माणसाला समजावून सांगावे लागत नाही. मुंबईच्या गिरणीतील चाकरमान्याने पाठविलेल्या पैशावर रत्नागिरी-सिंधुदुर्गातील कित्येक चुली पेटत आणि १९८२ च्या संपात तो ओघ आटला, तेव्हा त्या घरांनाही झळ बसली. परंतु बाहेरून येणारा पैसा मागे राहिलेल्यांच्या मजुरीचे आणि विषमतेचे काय करतो, याचा शोध घ्यायचा तर केरळकडे वळावे लागते. तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजने १९९८ पासून तेथील स्थलांतराच्या पाहण्या केल्या, म्हणून हा हिशेब तेथे मांडता येतो.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले आणि आखातात बांधकामांचे पेव फुटले. केरळचे गवंडी, सुतार, तारतंत्री तिकडे निघाले. १९९८ च्या पाहणीत परदेशस्थ केरळीय सुमारे साडेतेरा लाख होते. २०२३ च्या पाहणीत सुमारे २२ लाख, आणि त्यांनी घरी पाठविलेली रक्कम २ लाख १६ हजार कोटी रुपयांहून अधिक. हाती पैसा आला की माणूस प्रथम घर बांधतो. पण घर बांधायला गवंडी हवा आणि गवंडी तर दुबईला गेलेला! मजुरी वाढली ती या कोंडीतून. कामगार संघटनांचा जोर आणि साक्षरता यांचाही त्यात वाटा आहेच. रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार २०२२-२३ मध्ये केरळात बांधकाम मजुराला दिवसाला सरासरी ८५२ रुपये मिळत. देशाची सरासरी ३९३ आणि मध्य प्रदेशची २७८ रुपये.

म्हणजे जो कधी विमानात बसला नाही, त्याच्याही पदरात या पैशाचे माप पडले. आखाती पैशाला चैनीचा पैसा म्हणून नाके मुरडणारे नेमकी हीच बाजू विसरतात.

मात्र सुमारे चार-पंचमांश घरांतून परदेशी कोणीच गेलेले नाही. का? तर जायलाही पैसा लागतो. भरती करणाऱ्या एजंटाने ३० हजार रुपयांहून अधिक शुल्क घेऊ नये असा नियम आहे. प्रत्यक्षात घरातील दागिने गहाण पडतात, तेव्हा कोठे व्हिसा हाती येतो. ज्याच्यापाशी गहाण टाकायलाच काही नाही, तो दाराशीच अडतो. वनवासी आणि अनुसूचित जातींतील बांधव या प्रवाहात लोकसंख्येच्या मानाने फार थोडे आहेत, ते यामुळेच. शिवाय आखाती पैशाने जमिनीचे भाव चढले, ते भूमिहीनाच्या आवाक्याबाहेर गेले. भातशेतीही आक्रसली, १९७४-७५ मध्ये जवळजवळ ८ लाख ८० हजार हेक्टरांवर असलेले भात पुढे दोन लाख हेक्टरांच्या आसपास आले. वाढती मजुरी हे त्याचे एकमेव कारण नव्हे, पण एक कारण निश्चित.

मग रिकाम्या जागा कोणी भरल्या? पूर्वी तमिळ मजुरांनी आणि नंतर बंगाल, आसाम, ओडिशा, बिहारमधील तरुणांनी. पेरुंबावूरच्या प्लायवूड कारखान्यांत आता हेच हात राबतात. केरळच्या गुलाटी वित्त व करसंस्थेने २०१३ मध्ये अशा मजुरांची संख्या सुमारे २५ लाख आणि त्यांनी वर्षाला गावी धाडलेली रक्कम साडेसतरा हजार कोटी रुपये असल्याचा अंदाज दिला होता. आखातातून केरळात आलेला पैसा असा आणखी एक पायरी खाली उतरला. स्थानिक मजुरापेक्षा या मजुराला कमी मिळते, तरी गावाकडच्यापेक्षा बरेच अधिक, म्हणून तो दाटीच्या खोलीतही टिकून राहतो. ज्या केरळी माणसाने दुबईच्या मजूर-छावणीत दिवस काढले, त्याच्याच घराच्या भिंतीला प्लास्टर करणारा आज तसाच राहतो, ही गोष्ट मनाला टोचते.

२०२० च्या टाळेबंदीने या साखळीची दोन्ही टोके एकदम उघडी पाडली. २९ मार्चला कोट्टायम जिल्ह्यातील पायिप्पाड येथे परप्रांतीय मजूर हजारोंच्या संख्येने रस्त्यावर आले. त्यांची एकच मागणी, घरी जाऊ द्या. १ मे रोजी आलुवा स्थानकातून त्यांच्यासाठी भुवनेश्वरची पहिली गाडी सुटली. त्यानंतर सहा दिवसांनी, ७ मे च्या रात्री, आलुवापासून जवळच असलेल्या कोचीच्या विमानतळावर अबुधाबीहून विमान उतरले. त्यातून केरळी माणसे आपल्या घरी परत येत होती.